बिनदिव्याची सायकल

दिवाळी अंकात दिव्यांवर लेख नसेल तर अंक अळणी होतो, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. पणती, समई, निरांजन, लामणदिवा आणि आकाशकंदील या मंडळींवर आजवर इतके लिहून झाले आहे की, तेवढ्या शाईत वर्षभराच्या वाती भिजाव्यात. त्यातून मी पडलो मराठीचा मास्तर. माझ्याकडून तर लोक समईखेरीज दुसऱ्या दिव्याची अपेक्षाच करीत नाहीत. पण यंदा मी एका अगदीच उपेक्षित दिव्याची बाजू घेणार आहे. दसऱ्याला सायकलीच्या हँडलला झेंडूची माळ पडते, पुढच्या मडगार्डाला हळदकुंकू लागते. पण त्या सायकलीला दिवा आहे की नाही, हे पूजा करणारेही पाहत नाहीत आणि प्रसाद खाणारेही पाहत नाहीत.

या दिव्याचेही एके काळी वैभव होते. सायकल नवी नवलाईची होती तेव्हा तिच्यावर घासलेटचा दिवा असे. मग कारबाइडचा आला. त्याची रचना मोठी गमतीची. खालच्या कप्प्यात कॅल्शियम कारबाइडचे खडे, वरच्या कप्प्यात पाणी. पाणी थेंबथेंब खड्यांवर पडले की ॲसिटिलीन वायू निघे आणि तो पेटवला की लख्ख पांढरा उजेड पडे. (वासाविषयी न बोललेले बरे.) पुण्यात कर्वेनगरला २०१७ साली सुरू झालेले विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे; तिथे जुन्या सायकलींच्या जोडीला हे जुने दिवेही आहेत. सुटीत मुलांना घेऊन जाण्याजोगी जागा आहे. कारबाइडनंतर डायनॅमोचे राज्य आले. ते आमच्या पिढीने पाहिले. सहा व्होल्ट आणि तीन वॅटची ती बाटली टायरला टेकवली की सायकल एकदम जड व्हायची, घर्रर्र असा आवाज निघायचा, आणि सिग्नलला पाय टेकला की दिवा मालवायचा. म्हणजे जिथे मागून मोटार येण्याची धास्ती जास्त, नेमका तिथेच अंधार!

आमचे वडील सांगतात की, त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत बिनदिव्याची सायकल आणि डबलसीट हे पुण्यातले दोन सर्वमान्य गुन्हे होते. चौकात पोलीस दिसला की स्वार टुणकन खाली उतरे आणि सायकल हातात धरून सभ्य गृहस्थासारखा चालू लागे. चालणाऱ्याला दिवा लागत नाही, हा कायद्याचा मुद्दा तेव्हाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ होता. दिवा लावायचा तो पोलिसासाठी, अशी त्या पिढीची ठाम समजूत होती. आणि मला वाटते, ती दिसते तेवढी खुळी नव्हती. सायकलीचा दिवा स्वतःसाठी असतो त्याहून अधिक तो दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी असतो. फरक इतकाच की, तो दुसरा चौकातला पोलीस नसून मागून येणारा मोटारवाला आहे.

हे सगळे आत्ताच सुचायला कारण घडले. आमच्या कन्येने यंदा अकरावीत प्रवेश घेतला आणि संध्याकाळच्या क्लासला सायकलने जायचे ठरवले. क्लास सुटतो साडेआठला. आनंद वाटला आणि पोटात गोळाही आला. नव्या सायकलीला दुकानदार रिफ्लेक्टर देतात, दिवा देत नाहीत. तो वेगळा घ्यायचा. म्हणून आम्ही दोघे दुकानात गेलो.

दुकानात दिव्यांची भाषा ल्युमेनची. "हा चारशे ल्युमेन, हा बाराशे, आणि हा साहेब, पाच हजार!" पाच हजारवाल्याची किंमत चारशेवाल्याहून कमी होती, यावरूनच त्याच्या सत्यवचनाची कल्पना यावी. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो रस्त्यावर पडतो की झाडावर, हे त्या आकड्यातून कळत नाही. साध्या विजेरीसारखा गोल झोत असला की त्याचा अर्धाअधिक भाग समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत आणि वडाच्या पारंब्यांत जातो. चांगल्या सायकल-दिव्याचा झोत वरून कापल्यासारखा असतो. मोटारीच्या खालच्या झोतासारखा. दुकानातल्या भिंतीवर दिवा मारून पाहिला की हे मिनिटभरात समजते. वरची कड स्पष्ट दिसली तर तो दिवा रस्त्यासाठी बनवला आहे. नुसतेच मोठे वर्तुळ दिसले तर ती विजेरी आहे.

मग उजेड किती हवा? थोडे गणित करू. (भाषेच्या प्राध्यापकाचे गणित, म्हणून वाचकांनी ताडून पाहावे.) ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला चार मीटरहून थोडी अधिक जाते. खड्डा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर सहा मीटर गेले. थांबायला आणखी तीनचार. म्हणजे दहा मीटरवरचा खड्डा दिसायलाच हवा, पंधरा मीटरवरचा दिसला तर उत्तम. रस्त्यावर म्युनिसिपालिटीचे दिवे असतील तर शंभर-दोनशे खरे ल्युमेन पुरतात, कारण तिथे दिव्याचे मुख्य काम आपण दिसण्याचे असते. दिवे नसलेल्या रस्त्यावर तीनशे ते सहाशे. त्यापुढचा सारा उजेड म्हणजे समोरच्याला दिलेला त्रास.

आमच्या दुकानदाराने मग एक झगझगीत पोपटी जाकीट पुढे केले. "याच्यात पोरगी मैलावरून दिसेल." दिवसा दिसेल, हे खरे. हा पोपटी रंग उन्हातल्या अतिनील किरणांवर जगतो. ते किरण पिऊन तो दिसणाऱ्या उजेडाच्या रूपाने बाहेर टाकतो, म्हणून ढगाळ दुपारीही तो पेटल्यासारखा वाटतो. रात्री मोटारीच्या दिव्यात असे किरण जवळजवळ नसतात. सूर्य मावळला की या जाकिटाची मिजास उतरते आणि ते फिकट रंगाच्या साध्या सदऱ्याच्या पंक्तीला येऊन बसते. रात्री कामाला येते ती त्याच्यावरची रुपेरी पट्टी.

या पट्टीचे आणि लाल रिफ्लेक्टरचे शास्त्र मला फार आवडले. साध्या आरशावर उजेड तिरका पडला तर तो भलतीकडे निघून जातो. पण तीन आरसे एकमेकांशी काटकोनात, खोलीच्या कोपऱ्यासारखे जोडले, तर उजेड कुठूनही आला तरी तो उलट पावली आल्या वाटेनेच परततो. लाल रिफ्लेक्टरच्या आतल्या बाजूला असे बारीक कोपरे शेकड्यांनी असतात. रुपेरी पट्टीत बहुधा हेच काम काचेचे सूक्ष्म मणी करतात. मोटारवाल्याचे डोळे त्याच्याच दिव्यांच्या जवळ असल्यामुळे परतलेला उजेड नेमका त्याला दिसतो. फुटपाथवर उभ्या असलेल्या माणसाला त्याच वेळी ती पट्टी राखाडी चिंधीसारखी दिसते. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर असेच शंभर कोपरे बसवलेली पेटी ठेवली. पृथ्वीवरून सोडलेला लेझरचा किरण तिच्यावरून परत येतो, आणि चंद्र दर वर्षी सुमारे ३.८ सेंटीमीटर दूर सरकतो आहे, हे अशाच मापनांतून कळते. आपल्या चांद्रयान-३ च्या 'विक्रम' बरोबरही २०२३ साली असे आठ कोपऱ्यांचे छोटे उपकरण गेले. म्हणजे आमच्या कन्येच्या मागच्या मडगार्डावर जे आहे, तेच चंद्रावर आहे; फक्त चंद्रावरच्याला चिखल लागत नाही.

या शास्त्रातून एक फार उपयोगाची युक्ती निघते. दुकानात पट्टी बरी की वाईट हे पाहायचे असेल तर तिच्याकडे नुसते पाहू नये. मोबाइलची विजेरी डोळ्याच्या शेजारी, कानशिलाला टेकवून धरावी आणि चारपाच पावले मागे जाऊन पाहावे. खरी पट्टी पेटून उठते; खोटी, नुसता चंदेरी रंग दिलेली, तशीच मठ्ठ राहते. मी हा प्रयोग सुरू केल्यावर दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने परीक्षेत विद्यार्थी पर्यवेक्षकाकडे पाहतात. दहापैकी तीन जाकिटे मठ्ठ निघाली. सायकलीवरच्या रिफ्लेक्टरांसाठी मात्र केंद्र सरकारने २०२० साली गुणवत्तेचा आदेश काढला, त्यामुळे त्यांच्यावर मानक संस्थेचे चिन्ह पाहून घेता येते.

आता खरा प्रश्न: पट्टी लावायची कुठे? आपण सारे ती छातीवर आणि पाठीवर लावतो, कारण जाकीट तसेच शिवलेले असते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जोआन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची परीक्षा घेतली. ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. बंद रस्त्यावर, रात्री, खऱ्या मोटारी, खरे चालक. सायकलवाला दिसला की सांगायचे. काळ्या कपड्यांतले स्वार शंभरात दोन वेळा ओळखले गेले. पोपटी जाकीट घातलेले पंधरा वेळा. रुपेरी पट्ट्यांचे जाकीट घातलेले पन्नास. आणि त्याच जाकिटाबरोबर घोट्यांना व गुडघ्यांना पट्ट्या बांधलेले? नव्वद! वयस्कर चालकांना एकंदरीतच कमी दिसले, हेही आम्हा चाळिशी ओलांडलेल्यांनी ध्यानात ठेवावे.

घोट्याला एवढे महत्त्व का, याचे उत्तर स्वीडनमध्ये मिळते. गुन्नार योहान्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या सांध्यांवर प्रकाशाचे ठिपके लावून त्याला अंधारात चालवले. पाहणाऱ्यांना फक्त ठिपके दिसत होते. तो स्थिर असेपर्यंत कुणाला काही बोध होईना. तो चालू लागताच क्षणात सगळ्यांनी ओळखले की हा माणूस आहे. आपली नजर माणसाच्या हालचालीवर पोसलेली आहे. छातीवरची पट्टी स्थिर. ती कुंपणाचीही असू शकते, खांबाचीही. वरखाली होणारे दोन ठिपके मात्र पायच असू शकतात. शिवाय मोटारीचा खालचा झोत जमिनीलगत जातो, त्यात पाय आधी सापडतात. इंग्लंडात १ ऑक्टोबर १९८५ नंतर बनलेल्या सायकलींच्या पॅडलांना पिवळसर रिफ्लेक्टर कायद्यानेच लावावे लागतात, त्यामागचे मर्म हेच.

पुस्तकातले किती मानावे, म्हणून आम्ही आमच्या सोसायटीमागच्या गल्लीत प्रयोग केला. शेजाऱ्यांनी मोटार आणली, दिवे खाली ठेवले, मी त्यांच्या शेजारी बसलो. कन्या गल्लीच्या टोकाकडून सायकल चालवत येणार आणि "दिसली!" म्हणताच थांबणार, मग पावले मोजायची. सौभाग्यवती गल्लीच्या तोंडाशी वाहतूक अडवायला उभ्या होत्या. त्यांच्याकडे पाहून वाहतूक खरोखरच थांबली. काळा स्वेटर दिसला चाळीस पावलांवर. पांढरा सदरा ऐंशी. पोपटी टीशर्ट त्याहून चारपाच पावले अधिक. घोट्यांना पट्ट्या बांधल्या तेव्हा ती गल्लीच्या वळणावर, अडीचशे पावलांवर असतानाच शेजारी म्हणाले, "ती बघा, पायडल मारत आली!" 'दिसली' म्हणाले नाहीत, 'पायडल मारत आली' म्हणाले. योहान्सनसाहेबांना हे ऐकून बरे वाटले असते.

चाळीस पावले म्हणजे अदमासे तीस मीटर. ताशी ५० किलोमीटरने येणारी मोटार कोरड्या रस्त्यावर थांबवायला, चालक सावध असला तरी, पस्तीस मीटर लागतात. हा हिशेब मी त्या रात्री मोटारीतच बसून केला आणि घरी कुणाला सांगितला नाही. कारण काळा स्वेटर प्रयोगापुरता होता, तरी तसाच काळा स्वेटर रोज रात्री दहा वाजता आमच्या फाटकातून बाहेर पडतो. आमच्या सोसायटीचे वॉचमनमामा. पाळी संपवून ते कोथरूडहून वारजे ओलांडून शिवण्याला जातात, सायकलने, बिनदिव्याचे. बारा वर्षे जात आहेत. आपल्या गाड्या नीट लागल्या की नाही ते त्यांनी पाहायचे आणि ते घरी कसे जातात ते आपण पाहायचे नाही, असा हा व्यवहार.

पण मग दिवे नकोतच काय? ऑस्ट्रेलियाच्या त्या परीक्षेत सायकलीच्या दिव्याने फारसा फरक पडला नाही, हे खरे. तरी दिवा सोडून चालायचे नाही. रिफ्लेक्टर हा उसन्या उजेडावर जगणारा प्राणी आहे. आडगल्लीतून बाहेर पडणाऱ्या मोटारीचा झोत तुमच्यावर पडलेलाच नसतो. तिला तुमची पट्टी दिसणार कशी? एकच दिवा चालू असलेली रिक्षा, बिनदिव्याचा दुसरा सायकलवाला, रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाई, यांच्यासाठी स्वतःचाच उजेड हवा. डेन्मार्कमध्ये ओडेन्से गावात (हान्स अँडरसनचे जन्मगाव) २००४-०५ साली ३८४५ सायकलस्वारांवर प्रयोग झाला. त्यांतल्या निम्म्यांच्या सायकलींना दिवसरात्र चालू राहणारे दिवे बसवले होते. त्यांनी कळवलेले अपघात इतरांपेक्षा १९ टक्क्यांनी कमी भरले.

मागचा लाल दिवा लुकलुकता असावा की स्थिर, यावर जाणत्यांत एकमत नाही. जर्मनीच्या कायद्याला लुकलुकणे मान्य नाही. इंग्लंडने २००५ साली त्याला परवानगी दिली. लुकलुकणारा दिवा चटकन नजरेत भरतो, पण तो किती लांब आहे याचा अंदाज येत नाही. आपल्याकडे तर दिवाळीच्या पंधरवड्यात प्रत्येक गॅलरी लुकलुकत असते. त्यात एक लाल ठिपका आणखी लुकलुकला तर कुणाचे लक्ष जाणार? माझा कौल स्थिर दिव्याला. पुढचा पांढरा दिवा तर स्थिरच हवा.

घेताना आणखी दोनचार गोष्टी पाहाव्यात. खोक्यावर लिहिलेले तास बहुधा मंद उजेडाचे असतात. आपल्याला लागेल त्या उजेडावर किती तास, ते विचारावे. बॅटरी उतरत आली की दिवा आधी मंद होऊन इशारा देणारा असावा, एकदम मान टाकणारा नसावा. मोबाइलच्याच वायरीने चार्ज होणारा बरा, म्हणजे निमित्त उरत नाही. आयपीएक्स४ असे लिहिले असेल तर तो पावसाचे शिंतोडे सोसतो. आयपीएक्स७ म्हणजे पाण्यात पडला तरी काही काळ तगतो. आपले रस्ते ध्यानात घेता पकड मजबूत हवी. रबराची पट्टी सैल झाली की झोत आपोआप खाली वळतो आणि पुढच्या चाकाची आरती करीत बसतो. सायकल लावून जाताना दिवा काढून खिशात टाकता यावा, कारण परत आल्यावर सायकल असते, दिवा असतोच असे नाही.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. मुलींच्या आणि मुलांच्या पाठीवर दप्तराची सॅक असते. जाकिटाची पाठीवरची सारी रुपेरी शोभा तिच्याखाली झाकली जाते. सॅक, ओढणी, लांब कुडता, कॅरिअरला अडकवलेली पिशवी, यांपैकी काहीतरी मागच्या लाल दिव्यालाही झाकते. म्हणून सायकलवर स्वाराला बसवून, सामानासकट, मागून पाहावे. आमच्या घरी शेवटी जाकीट आलेच नाही. आले ते दोन दिवे, सॅकवर शिवायला रुपेरी पट्टी आणि घोट्यांचे दोन पट्टे. "बाबा, मी बैल दिसते," असा कन्येचा अभिप्राय पडला. तिच्या मैत्रिणींनी आठवड्याभरात तसेच पट्टे मागवले, तेव्हापासून तो विषय मिटला.

पट्टीचा गुंडा बराच उरला होता. सौभाग्यवतींनी जुन्या बेल्टच्या पट्ट्यांवर ती शिवून वॉचमनमामांसाठी जोडी केली आणि मागचा एक लाल दिवा मी नेऊन दिला. मामांनी पट्टे हातात घेऊन उलटसुलट पाहिले. त्यांना ते फारसे पटले नसावे. मग मी त्यांच्याच हातात मोबाइलची विजेरी दिली, कानशिलाला लावायला सांगितली आणि पट्टे बांधून पार्किंगमधून चालून दाखवले. रात्री दहा वाजता प्राध्यापक घोट्यांना पट्टे बांधून येरझाऱ्या घालताहेत, हे दृश्य दुसऱ्या मजल्यावरून दोघांनी पाहिले. त्यांना काय वाटले ते त्यांनी अजून विचारलेले नाही.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, अजून थोडी पट्टी मिळंल का? धाकटा भाऊ कारखान्यावर उसाची बैलगाडी हाकतो. रातचं ट्रकवाले लई जवळून जातात." गाळप हंगाम सुरू व्हायच्या बेतात होता. गाडीला पट्टी लावायची खरी, पण मागच्या फळीवर लावली तर लोंबत्या उसाने ती झाकली जाणार. चाकावर लावली तर चिखलाने भरणार. बैलांचे पाय तर मागून दिसतच नाहीत. मोळ्यांच्या वरून मागे सोडलेल्या एखाद्या गोणपाटावर पट्टी शिवावी आणि खाली लाल दिवा टांगावा, असे मी सुचवले. गोणपाट वाऱ्याने उलटेल, त्याला खालून दगड बांधावा लागेल, असे मामा म्हणाले. दगड की लोखंडी कांब, यावर आम्ही दोघे फाटकाशी उभे राहून साडेदहा वाजेपर्यंत बोलत होतो.